गळती समुद्रात नव्हती

धाकट्या बेटावर सगळे तिला पाणीवाली मावशी म्हणत. मोठ्या बेटावरून समुद्राच्या तळातून येणारी एकुलती एक पाइपलाइन ती सव्वीस वर्षं सांभाळत होती. एका सकाळी नळांची धार करंगळीएवढी झाली. पाणीखात्याच्या साहेबांचा फोन आला, "पाइप समुद्रात फुटलाय. दुरुस्तीचं जहाज यायला तीन आठवडे लागतील."

टाकीत जेमतेम चार दिवसांचं पाणी होतं. घरी लेक नुकतीच बाळंत झालेली.

"आधी जमिनीतला पाइप तर तपासू द्या," साहेबांना सांगत मावशीनं लोखंडी कांब उचलली. पाइप धक्क्यापासून रस्त्याखालून टाकीकडे जायचा. दर दहा पावलांवर ती कांब रस्त्याला टेकवायची आणि दुसरं टोक कानाला लावायची. दुपारी लाँड्रीसमोर जमिनीखालून बारीक फसफस ऐकू आली. खणून पाहिलं, तर पाइपचा जोड सुटला होता आणि पाणी गुपचूप वाळूत मुरत होतं.

"साहेब, जहाज राहू द्या," तिनं फोनवर सांगितलं. "नवा वायसर टाकला की झालं."

लाँड्रीवाला ओशाळला. "माझ्याच दारात, आणि मला पत्ता नाही!"

"काखेत कळसा नि गावाला वळसा," म्हणत मावशी मातीच्या ढिगावर बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.