संशयराव मॉनिटर निवडतात

संशयराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण कारखान्यात, गल्लीत आणि बायको चिडली की घरातसुद्धा त्यांना याच नावाने ओळखायचे, आणि त्यांनाही त्यात कमीपणा वाटायचा नाही. नव्या चपलेचा तळ दुकानातच वाकवून बघणारा, घरी फोन करणाऱ्या सख्ख्या भावाला ‘तू तूच कशावरून?’ असं विचारणारा हा गृहस्थ. स्वतःच्या लग्नात त्यांनी फोटोग्राफरला कॅमेरा उघडून आत रोल आहे की नाही ते दाखवायला लावलं होतं. रोल होता. उजेड लागून वाया गेला. तेव्हा त्यांच्या लग्नाचा एकही फोटो नाही, आणि हा विषय घरात न काढलेलाच बरा.

नोकरीही अशी मिळाली की माणसाच्या स्वभावाला पगार सुरू व्हावा. काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात ते तपासणीला होते. सरकत्या पट्ट्यावरून औषधाच्या बाटल्या एकामागून एक यायच्या, मागे पांढऱ्या काचेआड दिवा जळायचा. त्या उजेडासमोर बसून बुडबुडा, खडा, चीर असं काही दिसलं की बाटली उचलून फोडीच्या, म्हणजे फोडून पुन्हा वितळवायच्या मालाच्या पेटीत टाकायची, एवढंच काम. पण ते डोळ्यात तेल घालून करायचं. संशयराव डावा डोळा मिटून फक्त उजव्याने बघायचे. दोन्ही डोळ्यांनी पाहिलं की बाटलीची पुढची काच आणि मागची काच एकमेकींत घुसतात, असं त्यांचं म्हणणं. शंका आली की बाटली बोटांत फिरवायची. डाग बाटलीबरोबर फिरला तर तो काचेतला, जागेवरच राहिला तर दिव्यावरच्या धुळीचा.

हल्ली मात्र त्या खुर्चीवरून कुरबुर सुरू झाली होती. भट्टीवरचा मुकादम म्हणे, संशयराव चांगला माल फोडीत टाकतात. मॅनेजरने बोलावून गोड शब्दांत सांगितलं की एकदा डोळे तपासून या, नाहीतर पुढच्या आठवड्यापासून पॅकिंगला बसा. संशयरावांनी ओळखलं, इथे पाणी मुरतंय. मुकादमाला त्या खुर्चीवर आपला माणूस चिकटवायचा असणार. डोळ्यांचा डॉक्टरही यांच्यातलाच असणार आणि त्याने काय सांगायचं ते आधीच ठरलेलं असणार. त्यांनी साफ नकार दिला. वर वर ते ताठ होते, पण खुर्ची गेली तर आपण कोण उरतो, हा विचार त्यांची पाठ सोडत नव्हता. आयुष्यभर पुठ्ठ्याच्या पेट्या दुमडण्यासाठी काही त्यांचा जन्म नव्हता.

अशा मनःस्थितीत लेकीच्या नव्या मॉनिटरचा विषय निघाला. पोरगी दिवसभर एका ऑफिसात फोन घ्यायची आणि संध्याकाळी मैत्रिणींच्या टीमबरोबर गेम खेळायची, अगदी स्पर्धांमध्ये उतरून. तिचा जुना स्क्रीन असा धुरकट की झाडीत दबा धरून बसलेला गडी बाकीच्यांना दिसायचा आणि हिला गोळी लागल्यावरच कळायचा. तिने स्वतःच्या पगारातून थोडे पैसे बाजूला काढले होते. बाबांना बरोबर नेलं तर कोणी फसवणार नाही, असं ती आईला म्हणाली. आई म्हणाली, कोणी विकणारही नाही.

सुट्टीच्या दिवशी सकाळीच दोघं निघाले. पहिल्या दुकानात विक्रेत्याने फोर-के स्क्रीनवर रंगीबेरंगी मासे सोडले आणि पोहणाऱ्या माशांपेक्षा जास्त तोच वळवळायला लागला. रंग बघा, बारकावे बघा, सूट आजच्यापुरतीच आहे. संशयराव म्हणाले, आम्ही मासे घ्यायला आलो नाही, पांढराफटक स्क्रीन दाखवा. लेकीने त्याला शांतपणे समजावलं की तिचा कॉम्प्युटर फोर-केवर गेम ओढणार नाही, धापा टाकेल. तिला त्याच्या खालचं टू-के पुरे, फक्त चित्र वेगाने बदललं पाहिजे, म्हणजे रिफ्रेश रेट चांगला हवा. विक्रेत्याने नाराजीने तसा एक खोका आणला. संशयरावांनी खोक्याच्या कडेवरून बोट फिरवलं आणि चिकटपट्टीखालची दुसरी चिकटपट्टी काढून दाखवली. कोणीतरी परत केलेला माल गळ्यात मारत होते. विक्रेत्याचा चेहरा पडला, लेक खुलली आणि संशयराव तर जिना उतरताना एक वीत उंच झाले होते.

दुसऱ्या दुकानात हवा तसाच मॉनिटर होता, सत्तावीस इंची, टू-के, आणि लेकीच्या ऐपतीत. एवढा स्वस्त का, म्हणून संशयरावांच्या कपाळावर आठ्या चढल्या. पुढच्या महिन्यात नवीन मॉडेल येतंय म्हणून, असं उत्तर मिळालं. ते लेकीने फोनवर पडताळून पाहिलं, खरं निघालं. मग पांढरा स्क्रीन लागला. संशयराव खुर्ची ओढून समोर बसले, डावा डोळा मिटला आणि म्हणाले, डाग आहे.

मध्यभागी राखाडी, पुसट, शेंगदाण्याएवढा. विक्रेत्याने फडक्याने पुसलं. डाग तसाच. दुसरा मॉनिटर खोक्यातून काढला, त्यावरही डाग. लेकीने वाकून वाकून पाहिलं, तिला काही दिसेना. पोरगी घाईला आलीय, तिला बघायचंच नाहीये, असं संशयरावांना वाटलं आणि त्यांनी तिला ओढतच बाहेर काढलं. तिसऱ्या दुकानात कंपनी वेगळी, खोका वेगळा, आणि डाग तोच, बरोबर मध्ये. आता त्यांची खात्री पटली. सगळा बाजार एकमेकांना सामील आहे. कुठल्यातरी कारखान्यातला नापास माल सगळ्यांनी वाटून घेतलाय आणि सुट्टीच्या दिवशी भोळ्या लोकांना विकतायत. असं त्यांनी दुकानात सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलंही. लेकीच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं.

“बाबा, बोट ठेवा,” ती म्हणाली. “नेमकं कुठे ते दाखवा.”

त्यांनी बोट ठेवलं. मग बोटाच्या शेजारी पाहिलं, तर डाग शेजारी. वर पाहिलं, तर वर. “सरकतोय,” ते म्हणाले. विक्रेता मागे वळून उगाच खोकला.

एखादा साधा माणूस इथे भांडत बसला असता. पण शंका आली की फिरवून बघायचं, हे संशयरावांच्या हाडीमासी खिळलेलं. स्क्रीन काही बोटांत फिरवता येत नव्हता, म्हणून त्यांनी स्वतःची मान वळवली. डाग त्यांच्याबरोबर निघाला. स्क्रीनवरून भिंतीवर, भिंतीवरून विक्रेत्याच्या पांढऱ्या शर्टावर, तिथून लेकीच्या कपाळावर. त्यांनी डावा डोळा उघडला आणि उजवा मिटला. स्क्रीन पाण्यासारखा नितळ.

त्यांनी आणखी दोनदा डोळे बदलून पाहिले. मग उठून म्हणाले, हा चांगला आहे, पण दुसऱ्या दुकानातला स्वस्त होता, तोच घेऊ. आणि समोरच्या विक्रेत्याची माफीही मागितली. आता संशय घ्यायची पाळी लेकीची होती. मॉनिटर घेतल्यावर बाबांनी बिलसुद्धा न वाचता खिशात घातलं, आणि घरी पोचल्या पोचल्या तिला राहवेना. काय झालं, म्हणून तिने जिन्यातच त्यांची वाट अडवली.

त्यांनी सगळं सांगितलं. ती घाबरली, उद्याच्या उद्या डॉक्टरकडे जाऊ म्हणाली. संशयराव पायरीवर खोका टेकवून हळू आवाजात म्हणाले, “डॉक्टरकडे जाऊच. पण नसलेला डाग दाखवणारा डोळा असलेली चीर लपवतही असेल ना. माझ्या हाताखालून किती बाटल्या पुढे गेल्या असतील, पोरी. लहान मुलांच्या औषधाच्या आहेत त्या.” तिने त्यांचा दंड धरून ठेवला. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. लेकीने मॉनिटर जोडला, चित्र झकास आलं, आणि तिने गेम न लावताच बंद केला.

सकाळी संशयराव मॅनेजरकडे गेले नाहीत. ते थेट भट्टीवर मुकादमासमोर जाऊन उभे राहिले. ज्या माणसावर त्यांनी सगळ्यात जास्त संशय घेतला होता, त्यालाच त्यांनी सांगितलं, “मी पास केलेला माल गाडीत चढवू नका. पहिल्यापासून तपासून घ्या. माझा उजवा डोळा खोटा निघालाय.” आसपासच्या चार लोकांनी ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदा आपल्या तोंडाने आपल्यालाच नापास करताना त्यांना मनस्वी लाज वाटली. मुकादमाने टोमणा मारला नाही. त्याने गोदामातला माल थांबवला, दोन बायका तपासणीला बसवल्या आणि संशयरावांना पाणी आणून दिलं.

दुपारी मुकादम त्या पास केलेल्या मालातली एक बाटली घेऊन आला. त्याने ती संशयरावांच्या हातात दिली. त्यांनी ती उजेडासमोर धरली आणि सवयीने डावा डोळा मिटला. बाटलीत काहीच नव्हतं, फक्त तो राखाडी डाग. मग त्यांनी डोळे बदलले. गळ्यापासून खांद्यापर्यंत केसासारखी चीर गेली होती.

त्यांनी मुकादमाकडे पाहिलं. ती बाटली त्यांनी स्वतःच्या हाताने फोडीच्या पेटीत टाकली, खुर्चीच्या पाठीला अडकवलेली आपली डब्याची पिशवी उचलली आणि कोणी न सांगता पॅकिंगकडे चालू लागले.