वाट विचारणारे मामा

आमच्या दवाखान्याच्या गाडीवरचे मामा इंदापूर तालुक्यातली कुठलीही वाट डोळे झाकून गेले असते. पण गाडीत लहान पोर असलं, की त्यांना एकही वाट माहीत नसायची. इंजिन चालू करून ते मागची छोटी खिडकी सरकवायचे आणि अगदी काळजीच्या सुरात म्हणायचे, "बाळा, मला बारामतीची वाट म्हाईत न्हाय. तू दाव बरं." रडणारं पोर रडणं विसरायचं. एवढा मिशाळ माणूस, एवढी मोठी गाडी, आणि वाट माहीत नाही म्हणजे काय! मोठा दवाखाना बारामतीला. पोरांनी बारामती बहुतेक पाहिलेली नसायची, पण बाजाराची वाट, आत्याच्या गावाची वाट त्यांना पाठ असायची. फाटा आला की मामा मुद्दाम भलत्याच बाजूचा इंडिकेटर लावायचे. ते टिकटिक ऐकून पोर ओरडायचं, "तिकडं न्हाय मामा, तिकडं निरवांगी!" मामा घाईघाईनं इंडिकेटर बंद करायचे. "व्हय की. बरं झालं तू हाईस."

मी तिथं नर्स होते. नव्वदच्या दशकातली माझी सगळी उमेदीची वर्षं त्या दवाखान्यात गेली, आणि त्यातली निम्मी मामांशी भांडण्यात. पहिलं भांडण गोधडीवरून झालं. मामांच्या गाडीत एक रंगीबेरंगी गोधडी असायची, आणि लहान पेशंट आला की ते स्ट्रेचरवरची पांढरी चादर काढून ती अंथरायचे. मी म्हटलं, मामा, ही गोधडी कधी धुतली होती, जंतू होतील, डॉक्टरसाहेब मला बोलतील. त्यांनी शांतपणे सांगितलं, "सिस्टर, आडवं निजवून चौघं उचलून नेत्यात, वर पांढरं घालत्यात, असं आमच्या पोरांनी एकच बघितल्यालं असतंय."  तिरडी आणि स्ट्रेचर यात पोराला काय फरक दिसणार, हे मला नर्सिंगच्या कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. त्यानंतर गोधडी दर आठवड्याला मीच धुऊन द्यायला लागले, आणि त्यावर मामांनी मला कधी साधं थँक्यू म्हटलं नाही.

मामांच्या घरी पूर्वी मेंढरं होती. पाटाचं पाणी आलं, ऊस आला, चरायची रानं संपली, तशी वडिलांनी मेंढरं विकली आणि मामा आधी ट्रॅक्टरवर आणि मग सरकारी गाडीवर आले. पण हाताची सवय गेली नव्हती. पोराला कुणी दंडाला धरून गाडीत चढवायला लागलं की ते चिडायचे. कोकराला असं ओढत नाहीत, काखेत घेतात, असं म्हणून स्वतः पोराला कडेवर घ्यायचे. बसू शकणाऱ्या पोराला तर ते आईसकट पुढच्या सीटवर बसवायचे, जे नियमात अजिबात बसत नव्हतं.

आणखी एक खोड होती. सुई टोचताना आपण सगळेच म्हणतो ना, "काही दुखणार नाही हं", ते त्यांना खपायचं नाही. "खोटं सांगू नका. पोरगं एकदा फसलं की परत हात देत न्हाय." मी म्हटलं, अहो, तुम्ही दिवसभर वाट माहीत नाही म्हणून थापा मारता, त्याचं काय? त्यावर त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, ते खोटं नव्हे, तो खेळ. आणि खेळ पोरांनाही कळतो. मला हे तेव्हा पटलं नाही. पण फाट्यावर "तिकडं न्हाय!" म्हणून ओरडणाऱ्या पोराच्या चेहऱ्यावर थोडं हसू असायचं, हे मी कितीदा पाहिलं होतं.

आमचे डॉक्टरसाहेब तरुण होते, माणूस वाईट नव्हता. पण नियम म्हणजे नियम. सायरन चालू हवा, पेशंट स्ट्रेचरवरच हवा, गाडी मधे कुठंही थांबता कामा नये. मामा दर वेळी "व्हय साहेब" म्हणायचे आणि गेटबाहेर पडलं की सायरन बंद करायचे, कारण सायरननं पोरं जास्त घाबरतात. साहेबांना ते ऐकू येत असणारच. पण ते कानाडोळा करायचे, कारण गाडी आजवर कधी उशिरा पोचली नव्हती.

मग हिरा आली.

उसाचा सीझन चालू होता, दुपारची वेळ. वरकुट्याची सात-आठ वर्षांची पोर, गोवऱ्या आणायला गेली आणि ढिगातला नाग हाताला डसला. चुलत्यानं सायकलवर पुढं बसवून आणली. तोपर्यंत तिच्या पापण्या जड व्हायला लागल्या होत्या. साहेबांनी होती नव्हती ती इंजेक्शनं दिली आणि ताबडतोब बारामतीला हलवायला सांगितलं, कारण श्वास बंद पडायला लागला तर आमच्याकडं काही सोय नव्हती. आई कुणाच्या तरी रानात कांदा काढायला गेली होती. तिला घेऊन एसटीनं मागोमाग या, असं सांगून चुलत्याला साहेबांनी परत पाठवलं. गाडीत मागं मी आणि हिरा, पुढं मामा. पोर सारखी "आय, आय" करत होती, दुसरं काही नाही.

मामांनी खिडकी सरकवली. वाट माहीत नाही म्हणाले. हिरानं उत्तर दिलं नाही, पण रडणं थांबवलं आणि त्यांच्या पाठीकडं बघत राहिली. फाटा आला. सरळ गेलं की बारामतीचा डांबरी रस्ता, डावीकडं पाटाची वाट. मामांनी नेहमीसारखा डावा इंडिकेटर लावला. टिकटिक सुरू झाली. हिराची जीभ जड झाली होती, तरी ती बोलली.

"व्हय मामा. तिकडंच. तिकडं माझी आय हाय."

आजवर एकाही पोरानं त्या इंडिकेटरला होय म्हटलं नव्हतं. मामांनी गाडी उभी केली. मी म्हटलं, "मामा, सरळ घ्या." त्यांनी आरशातून पोरीकडं पाहिलं. हे कांद्याचं रान पाटाच्या कडेलाच तर आहे, ही वाट पुढं डांबरीलाच लागते, फार लांब पडत नाही, असं काहीतरी ते पुटपुटले, माझ्याशी की स्वतःशी कोण जाणे. आणि गाडी डावीकडं वळली.

आई खरंच तिथं होती. मातीच्या हातांनी पळत आली, गाडीत चढली, लेकीचं डोकं मांडीवर घेतलं. तोपर्यंत हिराचं बोलणं बंद झालं होतं. पापण्या मिटल्या होत्या, पण हाताला आईच्या बांगड्या लागल्या तशी तिनं त्या बोटांनी चाचपल्या. मामा गाडी हाणत होते, सायरनसुद्धा लावला होता. आणि पाटाच्या पुलावर उसाच्या ट्रॉलीचा अॅक्सल मोडून ट्रॉली आडवी पडली होती. मागं बैलगाड्यांची रांग लागली. पुढं जाता येईना, मागं येता येईना. मामा खाली उतरले, गाडीवानांच्या हातापाया पडले, स्वतः खांदा लावून ऊस बाजूला ओढला. सगळ्यांनी मदत केली हो, कुणाला दोष देऊ? हिराचा श्वास बंद पडत चालला होता, मी तिच्या तोंडाला तोंड लावून श्वास देत राहिले. वाट मोकळी झाली तेव्हा घाई करायचं काही कारण उरलं नव्हतं.

बारामतीहून परत आल्यावर हिराच्या आईनं दवाखान्याच्या पायरीवर मामांच्या पायावर डोकं ठेवलं. "तुमी फिरून आला म्हणून माझी लेक माझ्या मांडीवर गेली, मामा. न्हायतर मला जित्तं तोंड बी दिसलं नसतं."  तिला उठवायला मलाच पुढं व्हावं लागलं.

चौकशी झाली. जबाब द्यायच्या आधी मामा माझ्याकडं आले आणि एवढंच म्हणाले, "पोरीनं वाट दावली हे लिवू नका. तिच्या नावावर नको." त्यांनी जबाबात सांगितलं, की गाडी आपण आपल्याच मनानं वळवली. मीही तेवढंच सांगितलं, गाडी त्यांनी वळवली म्हणून. ते खोटं नव्हतं. डॉक्टरसाहेबांनी त्यांना बाजूला घेऊन समजावलं, की विष फार चढलं होतं, सरळ गेला असता तरी ती कदाचित वाचली नसती. माणूस धीर द्यायला बोलतो. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी कदाचित वाचली बी असती."  मी आजवर त्या प्रश्नाचं उत्तर शोधते आहे, आणि मला ते मिळत नाही. मिळणारही नाही.

त्या दिवसापासून मामा नियमानं वागायला लागले. गोधडी घरी नेली. पुढच्या सीटवर कुणाला बसवेनात. सायरन गेटापासून बारामतीपर्यंत. एकदा गुऱ्हाळावर उकळती काकवी अंगावर सांडलेलं पोर घेऊन निघालो होतो. पोर किंचाळत होतं, त्याच्या आईनं मामांबद्दल ऐकलं होतं. ती काचेवर टकटक करून विनवत होती, मामा, ह्याला वाट इचारा की वो. खिडकी उघडली नाही. मी पलीकडून ओरडले, शेवटी चिडून रडलेसुद्धा. मामांची मान हलली नाही. पोर बारामतीपर्यंत किंचाळत गेलं, आणि गाडी अगदी वेळेत पोचली.

हिराची आई मात्र दर बाजाराच्या दिवशी यायची. कधी कांदे, कधी भुईमुगाच्या शेंगा घेऊन गाडीपाशी बसून राहायची. ती दिसली की मामा मागच्या दारानं निघून जायचे. ऊन उतरेपर्यंत वाट बघून ती उठायची. हे किती दिवस चालणार? एकदा मी मामांना गाठलं आणि चांगलं झाडलं, की ती बिचारी तुम्हाला दोष देत नाही, उलट पाया पडते, एकदा भेटा तरी तिला. मामा टायरवर बसले होते. बसल्याबसल्याच म्हणाले.

"तेच तर, सिस्टर. तिनं शिव्या घातल्या असत्या तर मी ही गाडी चालवत ऱ्हायलो असतो."

त्याच महिन्यात त्यांनी नोकरी सोडली. इंदापूरला हायवेवर कुणाच्या तरी ट्रकवर लागले म्हणे. सिमेंट, खत, असला माल. त्यांना पुन्हा मी पाहिलं नाही. आहेत की नाहीत तेही ठाऊक नाही.

पुढच्या बाजाराला हिराची आई आली. मामा नोकरी सोडून गेले, असं मी तिला सांगितलं. तिनं शेंगांचं गाठोडं माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "मला त्येंना एकच इचारायचं हुतं. माज्या हिराचं शेवटचं बोलणं त्येंच्यासंगं झालं. मी चढले तवा तिची वाचा गेल्याली. तुमी बी गाडीत हुता, सिस्टर. काय बोलली वो ती?"

मला खरं सांगता येणार नव्हतं, कारण सांगितलं असतं तर आपल्या ओढीनं पोरीनंच गाडी वळवायला लावली, हे त्या बाईला घरी जाईपर्यंत समजलं असतं. मी म्हटलं, "तुझी आठवण काढली. आय म्हणाली."

ती हसली. किती दिवसांनी हसली असेल. मग हसता हसता तिचे डोळे भरून आले, आणि तिनं विचारलं, "मग एवढं सांगायला मामा का भ्याले मला?"

मी गाठोडं टेबलावर ठेवलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.