चाकोरीतून सायकल

कोऱ्हाळ्यातून शाळेला जायचा आमचा रस्ता ऊसतोडीच्या दिवसांत रस्ता राहायचाच नाही. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर त्यावर टायरांच्या खोल चाकोऱ्या पाडायचे. चाकोरीतली माती दबून गुळगुळीत झालेली, म्हणून आम्ही पोरी मुद्दाम तिच्यातूनच सायकल हाणायचो. मागनं ट्रॉली आली की घाबरून हँडल तिरकं करायचं, चाक काठाला घासायचं आणि सायकलीसकट आडवं व्हायचं.

मला सायकल आबांनी, म्हणजे वडिलांनी शिकवली. शिकवली कसली, छळलं! चाकोरीत घालून मागनं ओरडायचे, "ट्रॉली आली!" मी पडले की हाताची घडी घालून उभे. "ऊठ. रस्ता काय तुझ्या बापाचा हाय?" येणाऱ्याजाणाऱ्या बाया फिदीफिदी हसायच्या. माझ्या गुडघ्याची सालटी निघालेली, आणि बापच बाप काढतोय! "तिरकं न्हाय, काठ आडवा कापायचा. जमत न्हाय तर उतर, सायकल उचल. लाज वाटती व्हय?" तेव्हा हा माणूस मेला असता तरी मला चाललं असतं.

शिकले मात्र. पुन्हा कधी पडले नाही.

गेल्या हंगामात इंदापूरहून माहेरी गेले होते. आबा पुढं सायकलवर, मी मागं स्कूटीवर. सत्तरी उलटली तरी म्हातारा चाकोरीतूनच चाललेला. मागनं ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला. आबांनी हँडल तिरकं केलं आणि दाणकन पडले. ट्रॅक्टरवाल्यानं वेळेवर ब्रेक मारला.

मी उतरले. हाताची घडी घातली. "उठा आबा. रस्ता काय तुमच्या बापाचा हाय?"

ट्रॅक्टरवाला खो-खो हसला. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? आबांनी उठायला बघितलं. परत बघितलं. डावा पाय हलेना.

"उतरायचं हुतं. लाज वाटली व्हय?" मी म्हणाले.

आबांनी उचल म्हणून हात काही पुढं केला नाही. शेवटी ट्रॅक्टरवालाच खाली उतरला आणि म्हणाला, "ताई, पाय बघा की वो त्यांचा." खुब्याचं हाड मोडलं होतं.

ऑपरेशन झालं, पण सायकल सुटली ती सुटलीच. आता वॉकर धरून चालतात. मी माहेरी असताना ते उंबऱ्याशी अडखळले की धावते. ते माझा हात झटकतात.

"ऱ्हाऊ दे," म्हणतात. "तू आपली घडी घालून उभी ऱ्हा."