पाच बोटांची खार

उल्हासनगरच्या ज्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवतो, तिथल्या प्रयोगशाळेत फॉर्मॅलिनच्या बरण्यांची दोन कपाटं आहेत. एका दिवाळीच्या सुट्टीत मी ती साफ करायला काढली. काही बरण्यांवरची लेबलं गळून पडली होती. एकीत लांब शेपटीचा, रंग उडालेला प्राणी होता. मी वरवर पाहिलं आणि ‘खार’ लिहून चिकटवून टाकलं. इतकी वर्षं शिकवणाऱ्याने खारीसाठी भिंग कशाला घ्यायचं, हा माझा तोरा.

प्रात्यक्षिक परीक्षेत आम्ही लेबलं झाकून बरण्या ओळीने मांडतो. घंटा वाजली की मुलांनी पुढच्या बरणीकडे सरकायचं. त्या वर्षी बारवी धरणाकडच्या पाड्यावरून येणाऱ्या एका मुलीने लिहिलं, ‘खार नाही. पुढच्या पायाला पाच बोटं आहेत, खारीला चार असतात. दात बारीक, टोकदार. नाव माहीत नाही.’ मी शून्य दिलं. ती दोन मार्कांनी नापास झाली.

निकालानंतर ती स्टाफरूममध्ये आली.

“सर, एकदा बरणी बघा ना. आमच्याकडं खारी रोज दिसतात. ही ती नाय.”

चार सहकारी ऐकत होते. मी म्हणालो, “दिसतात की खाता? दात-बोटं एवढी मोजलीत म्हणून विचारतो.”

सगळे हसले. ती निघून गेली. जूनमध्ये ती आलीच नाही. अंबरनाथला एमआयडीसीत पॅकिंगच्या कामाला लागली, असं तिच्या मैत्रिणीकडून कळलं.

पुढच्या परीक्षेआधी बरणी पुसताना माझी नजर त्या पंजावर गेली. मोजली. पाच. मग पुस्तकं उघडली. तो प्राणी वृक्ष-चिचुंद्री निघाला. मी गुपचूप नवं लेबल लावलं आणि जुनं चुरगळून खिशात घातलं. प्राचार्यांना सांगता आलं असतं. बदलापूरला उतरून तिच्या पाड्यावर जाता आलं असतं. मी गेलो नाही. लाज वाटत होती, आणि ती कुणाला दिसू नये एवढंच मी पाहिलं.

आता हा धडा मी रंगवून शिकवतो. हा प्राणी खार नाही आणि नावात असली तरी चिचुंद्रीही नाही. शास्त्रज्ञांनी त्याला आधी कीटकभक्षकांत बसवलं, मग माकडांच्या, म्हणजे आपल्याच गणात घातलं, शेवटी त्याचा वेगळा गण केला. “चूक दिसली की शास्त्र ती मान्य करतं,” हे वाक्य मी फळ्याकडे तोंड करून म्हणतो.

यंदा शहरातल्याच कॅम्प चार या सिंधी वस्तीतल्या एका मुलीने हात वर केला. “सर, माझ्या दीदीच्या जर्नलमध्ये याच बरणीला खार लिहिलंय. गलती पकडी किसने?”

“माझ्याच लक्षात आलं,” मी म्हणालो.

“वाह, सर!” म्हणत तिने ते वहीत लिहून घेतलं.