हक्क सोडेल त्याला साडी

घर बायकोच्या नावावर होतं आणि मी जन्मभर गल्लीत ‘माझं घर, माझं घर’ करत फिरलो. ती गेल्यावर वकील म्हणाला, “आप्पा, घर बाईंचं. आता वारस तिघं. तुमी, मुलगा, मुलगी. तिघांचा वाटा सारखा.” मी चौथी शिकलेला माणूस. मला वाटायचं, बायको गेली की सगळं नवऱ्याचंच. तसं न्हाय म्हणे.

ती कडक भाकऱ्या करून विकायची. पुढच्या पत्र्याच्या खोलीत तिची चूल, तिचे तवे. घर त्याच्यावरच उभं राहिलं; माझा गिरणीचा पगार कधी यायचा, कधी न्हाय. ती गेली आणि खोलीला कुलूप लागलं. मग लेक रोज होटगीहून यायला लागली, पुन्हा तवा तापला. भाकरीचा वास आला की मी आत बसून रडायचो. पण कुलपापेक्षा ते बरं होतं.

मुलगा जुळे सोलापुरात फ्लॅटमध्ये राहतो. वाईट न्हाय तो. पण त्याला ती खोली पाडून दुकानाचे गाळे काढायचे होते, म्हणून बहिणीचं हक्कसोडपत्र पाहिजे होतं. आपल्याकडं रीतच हाय. बहिणीनं सही करायची, भावानं साडी द्यायची, मग माहेर गोड राहतं म्हणे. लेक तयार झाली.

“भावाशी वाकडं कशाला, आप्पा?” म्हणाली, आणि आधीच पुसलेला तवा पुसत बसली.

रजिस्ट्री कचेरीत आमी सगळे गेलो. मुलाच्या हातात साडीची पिशवी. वकील दस्त वाचून दाखवायला लागला आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला.

“ओ वकीलसाहेब, मलाबी वाटा सोडता येतो काय?”

“येतो की. कुणाला सोडायचाय?”

“लेकीला. आणि तिनं काय सोडायचं न्हाय.”

मुलगा उठलाच. “आप्पा! मग माझे गाळे?”

“तुझा वाटा तुला हाय की. दोन वाटे तिचे. खोली पाडायची तर तिला इचार.”

“बाप कधी हक्क सोडतो व्हय? लोक हसतील!”

“हसू देत. आण ती साडी हिकडं. हक्क मी सोडतोय, रीत म्हंजी रीत.”

अख्खी कचेरी हसली. मुलानं पिशवी माझ्या मांडीवर आपटली. “घ्या, नेसा!” लेक तोंडाला पदर लावून रडत होती की हसत होती, कळेना.

दस्त नव्यानं लिहावा लागला. मला दम निघेना, सारखा उठून “झालं का?” विचारायचो. स्वतःच्या लग्नातसुद्धा मी इतका उतावळा नव्हतो. सही केली ती कागद फाटेल इतकी दाबून. बायको असती तर म्हणाली असती, “उशिरा का होईना, अक्कल आली.” हे तिच्या तोंडून ऐकायला मिळालं न्हाय, एवढंच सलतंय.

रविवारी लेक मिस्त्री घेऊन आली. आल्या आल्या मला हुकूम. “आप्पा, खाट मागं न्या. हितं अजून एक चूल मांडायची हाय.” थोड्या वेळानं मुलगा आला. दारात उभा राहून बघितलं, आणि मिस्त्री पत्र्यावर चढला तेव्हा शिडी त्यानंच धरली.

मी खाट ओढायला घेतली. पाठ दुखते माझी, पण कुणाला हात लावू दिला न्हाय.