मास्तरांची रत्नागिरीची टेकडी

आमच्या शेजारच्या भूगोलाच्या मास्तरांइतका समुद्र अवघ्या वर्धा जिल्ह्यात कुणाला ठाऊक नव्हता. आणि तो त्यांनी कधीही पाहिलेला नव्हता. रत्नागिरीजवळची एक लहानशी टेकडी त्यांना नकाशावरून तोंडपाठ होती. पाहुणा आला की चुलीतल्या राखेने ते ती अंगणात मांडत: डावीकडे भाट्याची खाडी, उजवीकडे दीपगृह, मध्ये मांडवीचा धक्का. एकदा आंजी गावचे व्याही नकळत खाडी तुडवत निघाले, तर मास्तर कळवळून ओरडले, "अहो, बुडसान नं!"

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात त्यांच्या आईची दृष्टी विझत चालली. डॉक्टरांनी आशा सोडली. "मले तुही टेकडी दाखव," एवढेच म्हातारी म्हणाली. मास्तरांनी रजा काढली आणि तिचा हात धरायला मला सोबत घेतले.

पायथ्याशी पोचलो तेव्हा ऊन कलले होते. लू बाधू नये म्हणून वर्ध्याच्या रिवाजाप्रमाणे मास्तरांनी आम्हां दोघींच्या कमरेला कांदा खोचायला लावला होता, स्वतःच्या डोक्याला दुपट्टा आवळला होता. आणि समोरून तर ओला, खारट, मासळीच्या वासाचा वारा येत होता. जाळी सांधणाऱ्या बायका पदराआड हसल्या. मास्तर हसले नाहीत. "चाल माय, दिवस बुडून राह्यला."

तांबडा खडबडीत जांभा, त्यावर म्हातारीचे चाचपडते पाऊल, आणि पाण्याकडे घसरत चाललेला सूर्य. अर्ध्या वाटेत ती बसलीच.

"थकली का?"

"मी नाई थकली. तुही टेकडी वाढून राह्यली. अंगणात तर बोटाएवढी होती!"

माथ्यावर आलो तेव्हा उजेड जेमतेम उरला होता. म्हातारीची नजर शोधत फिरली. "कुठी हाये रे तुहा समुद्र?"

मास्तरही समुद्र प्रथमच पाहत होते. मग त्यांनी दोन्ही तळव्यांत तिचा चेहरा धरून प्रकाशाकडे वळवला. "माय, फुलोऱ्यातलं जवसाचं वावर आठवते? निळं, वारा सुटला का हालते, तसं?"

तिने डोळे बारीक केले. मग हलकेच म्हणाली, "हालते खरं. अन् धुरा, बांध कुठी हाये? पलीकडचं वावर कोनाचं?"

"धुरा नाई, माय. पलीकडंही हेच."

"बाप्पा! निंदाले किती बाया लागत असतीन!"

"लागतीन नं," मास्तर म्हणाले.

सूर्य केव्हाच गेला. म्हातारी अजून पाहत होती, आणि खाली उतरायचा विषय आम्हां दोघांपैकी कुणीही काढला नाही.