पडद्यावरचा गुडघा

दीदीला माणसाचा चेहरा लक्षात राहत नसे, गुडघा मात्र ती कधी विसरली नाही. विजय नगरच्या बाजारात एखादी बाई हसून नमस्कार करायची आणि दीदी तिच्या चालीकडे बघत विचारायची, "अच्छा, डावा! गुडघ्यातली गादी फाटलेली होती ना? आता कसा आहे?"

आमच्या छोट्याशा हॉस्पिटलात दुर्बिणीनं गुडघ्याची ऑपरेशनं होतात. दोन बारीक छिद्रं, एकातून कॅमेरा, दुसऱ्यातून हत्यार. कॅमेरा धरायचं काम माझं, आणि डॉक्टरांच्या हाती हत्यारं द्यायचं दीदीचं. कमरेखालचा भाग बधिर केलेला, पण माणूस टक्क जागा असतो आणि भीतीनं गारठलेला असतो.

दिवे मंद झाले की दीदी कॅमेऱ्याचा पडदा पेशंटकडे वळवायला लावायची. "चलो अम्माजी, भेडाघाट घुमा लाते हैं!" आणि खरंच सांगतो, सलाईननं फुगलेल्या त्या सांध्यात दोन्हीकडे भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांसारखी शुभ्र, गुळगुळीत हाडं, मधून नावेसारखा सरकणारा आमचा कॅमेरा, संथ डोलणारे पांढरे तंतू... हा कुणाचा तरी दुखरा गुडघा आहे हेच मी विसरून जायचो. अम्माजींच्या मुठीही हळूहळू सैल व्हायच्या.

"दीदी, लोक घाबरतील ना बघून?" मी सुरुवातीला विचारलं होतं.

"काहून घाबरतील? त्यांचंच तर आहे. मालकाला दाखवायला नको?"

एकदा रिछाईतल्या कारखान्यातला एक लेथवाला टेबलावर होता. गादी छाटणारं पातं फिरताना बघून तो पडल्या पडल्या म्हणाला, "डॉक्टरसाहब, स्पीड थोडी कम करो." आम्ही हसलो. दीदी मात्र गंभीर. "बरोबर बोलून राहिला तो. पातं ओळखतो." डॉक्टरांनी मुकाट्यानं वेग कमी केला.

मग दीदीचाच उजवा गुडघा अडकायला लागला. वर्षभर तिनं लपवलं, टेबलाला टेकून उभी राहिली. ऑपरेशन थिएटर सुटेल याची तिला भयंकर धास्ती. "खाली बसून कागद लिहायला लावतील रे मला. मरून जाईन मी." तपासणीत गादी फाटलेली दिसली. तेवढी छाटली की पुन्हा उभी राहशील, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा तिनं पेढे सांगून ठेवले.

या वेळी टेबलावर दीदी होती. कॅमेरा आत गेला. गादीचं राहू द्या, हाडावरचं पांढरं आवरणच जागोजागी झिजून संपलं होतं. दुर्बिणीनं दुरुस्त होण्यासारखं काही उरलंच नव्हतं. डॉक्टरांनी पडदा पलीकडे फिरवायची खूण केली.

"काहून फिरवून राहिले, सर? राहू द्या."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पडद्यावरचं चित्र थरथरत होतं.

"हात हलून राहिला तुझा," दीदी म्हणाली. "नीट धर. बघू दे मला."

मी दोन्ही हातांनी कॅमेरा धरला. तिनं कोपरान् कोपरा बघितला, अगदी सावकाश. मग मान उशीवर टेकली.

"बस्स. काढ बाहेर. झालं माझं."